वज्रकेतूची बाजू

१२ जुलै, शनिवार

माझं वाक्य अर्ध्यावर असताना भागवतांनी झांज वाजवली आणि पुढचं पद उचललं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. म्हणजे रागाच्या भरातच लिहितोय, पण ते खरं आहे.

दुपारी देवळाच्या सभागृहात ताळमद्दळेची बैठक होती. पावसाळ्यात यक्षगानाचे मेळे घरी बसतात, तेव्हा आमच्याकडे हेच चालतं. रंग नाही, मुकुट नाही, नाच नाही. दोन बाजूंना माणसं मांडी घालून बसतात, भागवत पद गातात, आणि त्या पदाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या पात्राच्या तोंडून आयत्या वेळी बोलायचा. लिहून आणलेलं काही नसतं. वज्रकेतू राजा सांगणारे पोस्टमास्तर तापाने आले नव्हते. बैठक भरवणाऱ्या रत्नक्कांनी लोकांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली. या बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण त्यांची ती नजर काही निवृत्त झाली नाही.

"वादिराज, तू कॉलेज सोडून गोष्टी लिहितोस ना? ये, बस."

बसलो. प्रसंग आमच्या गावात लहान पोरांनाही माहीत असलेला. राजकन्येचं लग्न बापाने वज्रकेतूशी ठरवलंय, तिचं मन राजपुत्रावर. वज्रकेतू वरात घेऊन येतो, राजपुत्र त्याला वेशीवर अडवतो. म्हणजे माझीच गोष्ट, फक्त मला बसवलं चुकीच्या बाजूला. राजपुत्र सांगत होत्या रत्नक्का. आणि राजकन्या सांगायला बसली होती त्यांची भाची सौपर्णिका, जिचा नवरात्रानंतर सुळ्याच्या जनावरांच्या डॉक्टरशी विवाह आहे. माझ्याशी नाही.

मग मी वज्रकेतूची यथेच्छ चटणी केली. त्याला पोट दिलं, ढेकर दिला. वेशीवर येताच त्याने राजपुत्राला विचारलं, मांडवात जेवणाची पंगत कुठल्या बाजूला? दोन-तीन पोरं हसली. मग कुणीच हसेना. मग झांज.

अप्पा तिथेच मद्दळे वाजवत होते. त्यांचा ठेका चुकला नाही, मान वर झाली नाही. तेच जास्त लागलं.

नंतर कॉफी पिताना रत्नक्का सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मी बोलायचं कुणाशी, माराया, बाबा रे? तू त्याला घरूनच मारून आणलास."

पुन्हा त्या सभागृहाची पायरी चढणार नाही.

१४ जुलै, सोमवार

माडीवरच्या खोलीचं दार लागत नाही. पावसाने लाकूड फुगलंय. आतून कितीही रेटलं तरी हातभर फट राहते आणि त्या फटीतून सगळं घर आत येतं. अम्माचं खोबरं किसणं, अप्पांचं मद्दळे, अंगणात सुपारी सोलणाऱ्या बायकांच्या सासवा. अशात कथा लिहायची कशी?

मंगळूरच्या वसतिगृहात यंत्रांच्या आकृत्या काढताना डोक्यात गोष्टीच गोष्टी असायच्या. वाटायचं, वेळ मिळाला की झालं. आता वेळच वेळ आहे आणि गोष्ट पळून गेली. इंटरनेटवर एक जण सांगतो, पहाटे उठून हजार शब्द लिहा. लिहिले; सगळे पहाटे उठण्याबद्दल झाले. दुसरा म्हणतो, प्रत्येक पात्राची कुंडली मांडा, आवडता रंग, लहानपणीची भीती. मांडली. नायकाला निळा आवडतो. खलनायकालाही निळाच निघाला, मग त्याचा तपकिरी केला. एक बाई म्हणते, शेवट आधी ठरवा. शेवट मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे: ती मांडव सोडून नायकाकडे येते. अडतं ते मधे. मधे कुणी कुणाशी बोलतच नाही.

अप्पांशी झालेला करार असा: चवतीच्या आत एक पूर्ण कथा, एका मासिकाच्या दिवाळी अंकाच्या स्पर्धेला पाठवण्याजोगी. नाही झाली तर गणपती बसला की मी मंगळूरला, परत आकृत्यांपुढे. "बक्षीस नको," अप्पा म्हणाले होते, "शेवटचा पूर्णविराम दाखव."

१५ जुलै, मंगळवार

सौपर्णिकाला फोनवर संदेश पाठवला: 'परवा मी वाईट बोललो का?' तिने नुसतं हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. दिवसभर त्यावर विचार केला. हात जोडणं म्हणजे विनंती. कसली विनंती? उघड आहे. आपण होऊन ती शब्दांत कसं सांगेल?

१८ जुलै, शुक्रवार

रत्नक्कांना जाब विचारायला गेलो. त्या ओसरीवर पत्रोड्यासाठी अळूची पानं लाटत बसल्या होत्या.

"तुम्ही सगळ्यांसमोर माझा अपमान केलात."

"अपमान भागवतांनी केला. मी कॉफी पीत होते."

"पण वज्रकेतू वाईटच आहे ना? त्याला चांगला कसा दाखवू?"

"चांगला दाखव म्हटलं कुणी? तू त्याच्या बाजूला बसलास. तो सकाळी उठतो, आरशात बघतो, फेटा बांधतो. तेव्हा त्याला काय वाटतं? चला, आज एका पोरीचं वाटोळं करून येऊ?"

त्यांनी माझ्याकडे पानांचा एक गठ्ठा सरकवला. शिरा लाटायला लागलो.

"माझा राजपुत्र ऐकून लोक माना डोलावतात," त्या म्हणाल्या. "पण त्यातलं निम्मं पोस्टमास्तरांचं. ते मला असं कोंडीत पकडतात की मला बोलावंच लागतं. परवा मला एकटीने भिंतीवर चेंडू मारत बसावं लागलं. भिंतसुद्धा मऊ."

"मग मला राजपुत्र द्या. तो मला आतून माहीत आहे."

"म्हणूनच नको. दोन ऑगस्टला पुन्हा हाच प्रसंग. पोस्टमास्तर मुलाकडे जाणार आहेत. तू वज्रकेतू."

"मी येणार नाही."

"बरं. येताना पांढरं धोतर नेसून ये. परवासारखी जीन्स नको."

तेवढ्यात सौपर्णिका आतून मसाल्याचं भांडं घेऊन आली. "वादी, ढेकर तरी द्यायला नको होतास," ती म्हणाली. "असला नवरा शोधणारा माझा बाप किती मूर्ख ठरला."

बापावर ती चिडलेली आहे, हे आता स्पष्ट झालं.

२३ जुलै, बुधवार

आमची कपिला गाय सकाळपासून अडली होती. अप्पांनी ज्यांना बोलावलं ते नेमके तेच निघाले, सुळ्याचे डॉक्टर उदयशंकर. गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावरचे केस विरळ, हसताना हिरड्या दिसतात. हे सगळं नीट टिपून ठेवलं, कथेत वापरीन म्हणून.

खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात घालून ते माझ्याशी गप्पा मारत होते.

"तुम्ही लेखक ना? सौपर्णिका सांगत होत्या."

होत्या. लग्न ठरलेल्या मुलीबद्दल हा माणूस 'होत्या' म्हणतो.

"अजून नाही," मी म्हणालो.

"तुमचा वज्रकेतू ऐकला मी. एवढा खातो म्हणजे त्याला आम्लपित्त असणार. त्या अंगाने बघितलं तर कीव येते."

"तुम्ही होतात? दिसला नाहीत."

"मागच्या खांबाआड बसतो." हात चाचपत होता, नजर गोठ्याच्या छपराकडे. "त्यांना सांगू नका. मी समोर दिसलो तर बोलताना आवाज जपून लावतील, असं वाटतं. त्यांचा आवाज वर चढतो ना शेवटी, तो ऐकायला तर मी सुळ्याहून येतो. प्रत्येक बैठकीला."

"लग्न ठरल्यापासून?"

"नाही हो. बैठकीला आधीपासून येतोय, लग्न मग ठरलं. घ्या, पाय धरा. मी सांगितलं की ओढा. आता."

ओढलं. मी, अप्पा आणि वासरू तिघेही शेणात. डॉक्टरांनी आधी वासराचं नाक पुसलं, मग माझं.

अम्माने त्यांना नीरदोसे वाढले. त्यांनी 'पुरे' म्हणताना पानावर दोन्ही हात आडवे धरले. पोट नाहीये त्यांना.

२७ जुलै, रविवार

बैठकीला जायचं नाहीच आहे, पण झांज वाजवून गप्प करण्याजोगा मी नाही हे मला स्वतःला तरी कळायला हवं. म्हणून खोलीत येरझारा घालत वज्रकेतू बोलून बघत होतो. आवाज चढला असावा.

"माझ्यात काय कमी आहे?" मी गरजलो.

फटीतून खालून अम्मा म्हणाली, "वरची चादर धुवायला दिली नाहीस, ती कमी आहे."

"अम्मा, मी वज्रकेतू आहे."

"मग मी राजकन्येची आई. बोल. तांदूळ शिजेपर्यंत वेळ आहे मला."

आणि ती भांडली. माझी आई, जी अप्पांसमोर मीठ कमी आहे म्हणत नाही, ती जिन्याखालून मला अशी हाणायला लागली की मला घाम फुटला. तुझ्या राज्यात पाणी कुठून येतं? माझी मुलगी पहाटे उठते, तुझी आई उठू देईल का? तिला ताप आला तर कोण बसेल उशाशी? प्रत्येक प्रश्नाला मला वज्रकेतूच्या आयुष्यातलं काहीतरी शोधून आणावं लागलं. त्याच्या राजवाड्यात विहीर आहे. त्याची आई बहिरी आहे. लहान बहिणीच्या आजारपणात तो उशाशी बसला होता आणि ती वाचली नाही. हे मला एक मिनिट आधी माहीत नव्हतं. कुंडलीत नव्हतं. ती विचारत गेली आणि ते तिथे होतं.

भात झाला तशी ती म्हणाली, "विचार करते," आणि गेली.

मी बसलो आणि लिहायला लागलो. हात मागे पडत होता. जेवायला दोनदा हाका आल्या.

३० जुलै, बुधवार

असं लिहिणं म्हणजे लिहिणं का? लेखक एकांतात बसतात. मला दार उघडं लागतं आणि खाली आई लागते. काल ती पंचमीच्या गडबडीत होती, दिवस कोरडा गेला.

आज समोरच्या खुर्चीवर अप्पांची छत्री टेकवून ठेवली. आधी छत्रीच्या जागी बसून बोलतो, मग उठून माझ्या जागी येऊन उत्तर देतो, मग कागदाकडे. वेड्यासारखं दिसतं, पण चालतं. कोरा कागद समोर असला की मी भाषण करतो. कुणी अंगावर आलं की मी शोधायला लागतो. एवढंच आहे बहुतेक. एवढ्यासाठी पहाटे उठत होतो.

फक्त एक पंचाईत आहे. वज्रकेतू दिवसेंदिवस सुधारतोय आणि नायक पडेल होत चाललाय. 'माझं तिच्यावर प्रेम आहे' याच्यापलीकडे त्याच्याकडे मुद्दाच नाही. आज वज्रकेतूने त्याला सरळ विचारलं, "हे तिला कधी सांगितलंस?" नायक खिडकीबाहेर बघत राहिला. मी दोनदा जागा बदलली, तरी बघतच राहिला.

शनिवारी जाणार आहे. धोतर इस्त्रीला दिलंय.

२ ऑगस्ट, शनिवार

धोतर न सोडताच लिहायला बसलो.

सभागृह भरलं होतं. अप्पांनी मद्दळे मांडीवर घेतलं आणि या वेळी माझ्याकडे एकदा पाहिलं. रत्नक्कांच्या राजपुत्राने मला वेशीवर धरलं. मी धरू दिलं नाही. विहिरीचं सांगितलं, बहिणीचं सांगितलं. "माझी वरात अडवतोस," मी म्हणालो, "पण या दारात मला बोलावलंय. तुला कुणी बोलावलं?" रत्नक्कांनी मांडी बदलली. ज्या उत्तरात त्या मांडी बदलतात ते खरं लागलेलं असतं, असं गावात म्हणतात. मग त्यांनी जे उत्तर दिलं त्यावर सभागृहाने श्वास रोखला, आणि ते मी त्यांच्याकडून काढलं होतं.

पद पुढे सरकलं. आता राजकन्या.

सौपर्णिका सरळ बसली. "राजा, तुला मी हवी आहे की माझं रूप? या घरात मी बोलते. माझ्या बापाच्या सभेत, चार लोकांत, आवाज चढवून बोलते. तुझ्या घरी गेल्यावर हा आवाज कुठे ठेवू? उतरंडीत?"

लोक हसले. ती हसली नाही. तिच्या गळ्याची शीर दिसत होती. मला कळलं, ती राजकन्येचं बोलत नाहीये.

माझ्याकडे याला उत्तर होतं. दहा दिवस होतं. सभागृहातलं सगळ्यात धारदार उत्तर, आणि ते माझं नव्हतं. गप्प बसलो असतो तर ती जिंकली असती, वज्रकेतू पडला असता, आणि त्या खांबाआडच्या माणसाचा आणखी एक मुद्दा कमी झाला असता. मी गप्प बसू शकलो असतो. भागवतांच्या हातात झांज होती, ते वाट बघत होते.

पण बाजूला बसलो होतो ना.

"राजकन्ये," मी म्हणालो, "तू सभेत बोलतेस तेव्हा मी ऐकायला येतो. प्रत्येक वेळी. मागच्या खांबाआड बसतो. तू मला पाहिलंस तर आवाज जपून लावशील, या भीतीने पुढे येत नाही. शेवटी तुझा आवाज चढतो, त्याच्यासाठी येतो. तो उतरंडीत ठेवशील तर मी घरी बसून काय ऐकू?"

सौपर्णिकाने मान वळवली आणि सभागृहाच्या मागे, शेवटच्या खांबाकडे पाहिलं. खांबाच्या बाजूने विरळ केसांचं एक डोकं अर्धं दिसत होतं.

भागवत थांबले होते. मग झांज न वाजवता त्यांनी हळूच पद उचललं.

३ ऑगस्ट, रविवार

काल कॉफीच्या वेळी ती माझ्याकडे आली होती, ते लिहायचं राहिलं.

"वादी, ते तुला कुणी सांगितलं?"

"गाईने," मी म्हणालो.

ती हसली. मग म्हणाली, "घरी सगळे त्यांचं कौतुकच करतात. मला एकदा त्यांच्याशी भांडून बघायचं होतं. प्रत्यक्षात कसं भांडणार, दोनदा तर भेटलोय. ते तुझ्यामुळे झालं."

"माझा मुद्दा बरा होता?"

"मुद्दा त्यांचा होता," ती म्हणाली, "पण तू मांडलास नीट."

मग तिने विचारलं, "आणि तुझी ती कथा? मला सगळे विचारतात, वादीने कॉलेज का सोडलं. मी सांगते, त्याला लिहायचंय. बरोबर ना?"

बरोबर, म्हणालो. दुसरं काही सांगायचं असतं तर तीच वेळ होती. सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं नाही, हे जास्त नवल. पाठीवरचं सुपारीचं पोतं उतरवल्यावर क्षणभर माणूस पुढे तोल जाऊन पडेल असं वाटतं ना, तसं झालं. घरी आल्यावर तिला पाठवलेले संदेश वाचले. खाली तिचं ते चिन्ह. हात जोडले होते. नमस्कार केला होता तिने. झोपलो चांगला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

शेवट बदलला. बदलला म्हणजे मी नाही बदलला; शेवटाला पोचलो तर तिथे आधीचा शेवट नव्हता. वेशीवरून आत कुणीच कुणाला ओढून नेलं नाही, कुणी कुणाकडे धावलं नाही. नायक वेशीवर उभा आहे, त्याच्याकडे मुद्दा उरलेला नाही, आणि त्याला भूक लागली आहे. तो मांडवात जाऊन पंगतीला बसतो. हे लिहिताना मीच हसलो. अम्माने खालून विचारलं, काय झालं. म्हटलं, जेवायला बसला तो. ती म्हणाली, बसू दे बापड्याला.

आजकाल सकाळी छत्रीशी, दुपारी अम्माशी. अप्पांनी काल त्यांची छत्री मागितली तर मी नाही म्हणालो. भिजत गेले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

झाली.

अप्पांना दिली तेव्हा ते मद्दळेच्या तोंडाला भाताची लुकण लावत होते. हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. झोपाळ्यावर बसून सगळी वाचली. मी अंगणात सुपाऱ्या उगाच इकडच्या तिकडे केल्या. सोलणाऱ्या बायकांनी मला हाकललं.

"पूर्णविराम आहे," अप्पा म्हणाले.

"बाकी?"

"वज्रकेतूची बहीण वाचायला हवी होती." वही मिटत म्हणाले, "तुझ्या आईने सांगितलं असेल तुला, माझ्या बहिणीचं."

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. अम्माकडे पाहिलं. ती नारळ फोडत होती.

मंगळूरचा विषय मीच काढला. चवती आठवड्यावर आली होती आणि न बोलता राहिलं तर तो करार मधे लोंबत राहिला असता. अप्पांनी वही परत माझ्या हातात दिली.

"दुसरी कधी सुरू करतोस?" ते म्हणाले. "आणि माझी छत्री दे."

२५ ऑगस्ट, सोमवार

कथा स्वच्छ उतरवून झाली. पाकिटात घातली. येत्या तासाभरात टपालात पडेल, तीसुद्धा पोस्टमास्तरांच्या हातात. पोस्टमास्तर परत आलेत आणि म्हणतात, माझा वज्रकेतू पळवलास, आता दुसरा राजा शोधावा लागेल.

आज सुळ्यात बैठक आहे. रत्नक्का खाली ओसरीवर येऊन बसल्यात, अम्माशी बोलतायत, आवाज फटीतून वर येतोय. मघाशी मी जिन्यावरून विचारलं, "मी कोण?"

"तिथे पोचल्यावर सांगीन."

"निदान बाजू तरी?"

"माराया, बाजू कळली की घरूनच ठरवून येशील. धोतर नेसलायस का?"

नेसलोय. डॉक्टर यजमान आहेत आजच्या बैठकीचे. सौपर्णिकाने सांगितलंय म्हणे, पहिल्या रांगेत बसायचं, खांबाआड नाही. त्यांना तिथे बसलेलं बघून तिचा आवाज कसा लागतो ते ऐकायचंय मला. त्यात दुसरी कथा असेल असं वाटतं. नसली तर छत्रीची जागा आता अप्पांचा जुना कोट घेईल.

रत्नक्का तिसऱ्यांदा हाक मारतायत. पाकीट काखेत आहे, ही वही इथेच उशीखाली ठेवतो. दार आतून रेटायचा नाद सोडला. बाहेरून कडी धरून अंगाचा भार टाकला तर लागतं, काल करून पाहिलं. जातो, ओढून घेतो.